नारदाची गादी आणि गैबीचा चौक

कागलात सभा कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. निवडणुकीची असो, सत्काराची असो की निषेधाची, ती गैबी चौकातच व्हायची. पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव आहे. दूधगंगा ओलांडली की थोड्याच वेळात कर्नाटकाची पाटी दिसते. जिल्ह्याच्या राजकारणात या चौकातली भाषणे गाजतात, पण चौकाला नाव मात्र कोणा पुढाऱ्याचे नाही. ते आहे गैबी पीराचे. गावाचे ग्रामदैवत तोच. उरूस भरला की गलेफ चढतो, नैवेद्य जातो, कुस्त्या होतात, आणि रात्री गाणे-बजावणे, सोंगे, खेळ.

गावकरी या दैवताचे नाव एका दमात घेतात : गहिनीनाथ गैबी पीर. गहिनीनाथ म्हणजे नाथपंथातले तेच, ज्यांनी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर निवृत्तीनाथांना अनुग्रह दिला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, अशी ती परंपरा. ज्याच्यापासून ज्ञानेश्वरीचा झरा निघाला, त्याच्यावर चादर चढते. पंडितांना यात कोडे दिसेल. उरुसाला आलेल्या माणसाला त्यात अडखळण्यासारखे काही वाटत नाही. घाटग्यांच्या राजघराण्यात पिराजीराव हे नाव आहे, आणि मराठा घरांत पिराजी हे नाव पीराच्या श्रद्धेतून ठेवायची जुनी चाल होती.

आत्मा, देव, मरण, पाप-पुण्य या गोष्टी या मुलखात चार भिंतींच्या आड क्वचितच बोलल्या गेल्या. त्या रात्री, चौकात, शंभर माणसांसमोर बोलल्या गेल्या. पण बोलायला दोन जागा होत्या. एक गादी : कीर्तनकाराची, प्रवचनकाराची, मठाधिपतीची. दुसरी जागा सोंगाची : भारूड, तमाशा, जलसा, धनगरी गाणे. गादीवर बसणाऱ्याला लोक आधी त्याचा अधिकार विचारत. सोंग घेतलेल्याला कोणी विचारत नसे. कागल परिसराचा दोनशे वर्षांचा आध्यात्मिक इतिहास या दोन जागांमधल्या ये-जा करण्यातून बराचसा समजतो.

सुरुवात वाड्यापासून करावी लागते. कागलकर घाटग्यांची लेक बायजाबाई १७८४ साली जन्मली आणि १७९८मध्ये दौलतराव शिंद्यांची राणी झाली. दौलतरावांच्या मागे तिने काही वर्षे ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. काशीच्या ज्ञानवापीवर १८२८ साली उभा राहिलेला खांबांचा मंडप तिच्या पैशातून झाला. उतारवयात तिने मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करायचे ठरवले. त्याची बातमी कोकणात पेणजवळच्या वरसईपर्यंत पोचली आणि मोठ्या दक्षिणेच्या आशेने विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेत बंडाचा वणवा पेटला. दक्षिणेऐवजी त्यांच्या हाती आल्या त्या आठवणी, आणि त्यांतून ‘माझा प्रवास’ हे मराठीतले अजोड पुस्तक झाले.

राजघराण्याचा धर्म तेव्हा हा असा चाले. खर्च राणीचा, मंत्र ब्राह्मणांचे, बाकीच्यांनी लांबून धूर पाहायचा. यज्ञ हासुद्धा एक खेळच असतो, त्यात वेष असतो, ठरलेल्या हालचाली असतात, पाठ केलेले शब्द असतात. पण त्याला प्रेक्षक लागत नाही. ऐकणाऱ्याला कळलेच पाहिजे अशी त्याची अटही नसते.

कीर्तनाची अट नेमकी तीच होती.

नारदीय कीर्तनाची मांडणी पाहिली तर ती किती विचारपूर्वक बसवली आहे हे ध्यानात येते. आधी नमन. मग एक अभंग किंवा पद घेऊन पूर्वरंग. यात तत्त्वज्ञान, दाखले, शास्त्रार्थ. ऐकणारे कंटाळायच्या बेताला आले की नामाचा गजर होतो. बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, पेटी-तबला थोडा मोकळा वाजतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. हरिश्चंद्र, सुदामा, दामाजी. पूर्वरंगात जे डोक्यात शिरले नाही, ते आख्यानात डोळ्यांतून वाहते. वारकरी कीर्तनात पेटीपेक्षा टाळांना मान. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज, वीणेकरी उभा. बुवा चाल धरतात, टाळकरी उचलतात, आणि बुवांची चूक झाली तर पहिल्यांदा त्यांनाच कळते. कारण अभंग त्यांनाही पाठ असतात.

गादीचा मान मोठा. नारदाच्या गादीवर उभा असलेला कीर्तनकार कोणापुढे वाकत नाही, समोर राजा येऊन बसला तरी. म्हणून त्या गादीवर कोण उभे राहणार, हा प्रश्न नुसत्या गळ्याचा किंवा पाठांतराचा नव्हता. गावोगावच्या सप्ताहांचा क्रम आजही बहुतेक तोच आहे. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन नि महाप्रसाद. सात दिवस गाव एका वेळापत्रकावर चालते. ऊस तोडायचा राहिला तरी चालेल, पण पारायणाची ओळ चुकता कामा नये.

सोंगाची परंपरा याच अंगणात वाढली. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली ती जोशाच्या, वासुदेवाच्या, गोंधळ्याच्या, फकिराच्या तोंडून. संस्कृत भागवताचे मराठीकरण केल्याबद्दल ज्यांना काशीत जाब द्यावा लागला अशी कथा सांगतात, त्याच नाथांनी अवघड वेदान्त फकिराच्या झोळीत घालून गल्लीत फिरवला आणि त्याला कोणी हटकले नाही. कोल्हापूरच्या खेड्यांत ‘सोंगी भजन’ नावाचा प्रकार आजही जोरात आहे. भजनी मंडळातलाच एकजण साडी नेसतो, दुसरा सासरा होतो, तिसरा दारुड्या. हसता हसता मंडळी शेवटी विठ्ठलापाशी येऊन पोचतात. त्याच्या स्पर्धा लागतात, बक्षिसे असतात, आणि एका रात्रीत चार-पाच गावांची भजने ऐकायला माणसे ट्रॅक्टरमधून येतात.

इकडे हे चालू असताना १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात एक रशियन बाई आणि एक अमेरिकन कर्नल उतरले. हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि हेन्री ऑलकॉट. त्यांनी १८७५मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली होती. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य आहे आणि ते हिंदुस्थानात जपले गेले आहे, अशी त्यांची धारणा होती. मुंबईत त्यांचे स्वागत आर्य समाजाचे हरिश्चंद्र चिंतामण यांनी केले, थाटात केले, आणि मग बिल पुढे केले. ऑलकॉटने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की घरभाडे, जेवणखाण तर होतेच, पण स्वागतसमारंभाला आणलेल्या तीनशे खुर्च्यांचे भाडेही त्यात होते. अध्यात्माच्या जाहीर कार्यक्रमाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न गावच्या सप्ताहात वर्गणीने सुटतो. मुंबईत तो असा सुटला. पाहुण्यांनी मग गिरगावात बिऱ्हाड थाटले, ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केले, आणि १८८२च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला.

त्यांच्या मुंबईतल्या साथीदारांत तुकाराम तात्या पडवळ हे नाव मराठी वाचकाने विसरू नये. १८६१मध्ये ‘एक हिंदु’ या नावाआड त्यांनी ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले. जन्माने येणाऱ्या श्रेष्ठपणावर इतका रोखठोक हल्ला तेव्हा छापण्याची हिंमत थोड्यांत होती. १८६५ साली त्याची दुसरी आवृत्ती काढली जोतीराव फुल्यांनी. पुढे हेच तुकाराम तात्या थिऑसॉफिस्ट झाले, सोसायटीच्या मुंबईतल्या प्रकाशनाचा आधार झाले, आणि त्यांनी तुकोबांची गाथाही छापून काढली. गूढविद्या, जातीविरोध आणि वारकरी संत हे तिन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते. पुढे ते वेगवेगळ्या दिशांना गेले.

युरोपातही तेच झाले. १९०२मध्ये थिऑसॉफीच्या जर्मन शाखेचा सरचिटणीस झालेला रुडॉल्फ स्टायनर गटेचा अभ्यासक होता. पौर्वात्य गूढापेक्षा युरोपातल्या ख्रिस्ती परंपरेतून आणि माणसाच्या स्वतःच्या विचारशक्तीतून आत्मज्ञान व्हावे, असे त्याचे मत. १९०७च्या म्युनिक परिषदेत ॲनी बेझंटसमोर त्याने व्याख्यानांच्या जोडीला नाटकही बसवले. बेझंट त्याच वर्षी सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. पुढे अड्यारच्या मंडळींनी कोवळ्या कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे केले, तेव्हा स्टायनर बाजूला झाला आणि १९१२-१३च्या हिवाळ्यात अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटी उभी राहिली. त्याने आयुष्यात सहा हजारांच्या घरात व्याख्याने दिली. तरी त्याला वाटे की नुसत्या व्याख्यानाने काम भागत नाही. १९१० ते १९१३ या काळात त्याने म्युनिकमध्ये चार गूढनाट्ये रंगवली. पुनर्जन्म, कर्म, मनुष्याच्या अंतरंगातल्या शक्ती ही त्यांची पात्रे. शब्द आणि स्वर देहाच्या हालचालीतून दाखवणारी ‘युरिथमी’ त्याने याच वर्षांत सुचवली. स्वित्झर्लंडमधल्या डोर्नाखला त्याने या सगळ्यासाठी लाकडी घुमटांचे नाट्यगृह बांधले. ते १९२२च्या शेवटच्या रात्री जळून गेले, मग काँक्रीटचे बांधले.

पूर्वरंगाला उत्तररंग लागतो, हे म्युनिकमध्ये एका पंडिताला उशिरा उमगले. कागलच्या टाळकऱ्याला ते आधीपासून माहीत होते. फरक होता तो दाराशी. म्युनिकच्या नाटकाला सभासद येत, त्यांना आधी पुस्तके वाचलेली असावी लागत. गैबीच्या चौकाला दार नव्हते. पण चौक सर्वांचा असला तरी गादी सर्वांची नव्हती, आणि त्यावरून कोल्हापुरात जे वादळ उठले त्याचा नायक कागलच्याच घरातला होता.

जयसिंगराव घाटगे कागलकर यांचा मुलगा यशवंतराव याचा जन्म २६ जून १८७४चा. १७ मार्च १८८४ रोजी तो कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. २ एप्रिल १८९४ला राज्यकारभार हाती आला. १८९९च्या कार्तिकात महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आले. पुरोहिताने खुलासा केला तो असा की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही, आणि पुराणोक्ताला स्वतः अंघोळ करून यायचीही गरज नाही. पुढचे वेदोक्त प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. टिळकांचे अग्रलेख, राजोपाध्यांचे वतन जप्त, सनातन्यांचे अर्जफाटे. त्यातल्या त्यात कागलच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मथुरेला यज्ञ करणाऱ्या बायजाबाईच्या माहेरच्याच घरातला मुलगा विचारत होता की माझ्यासाठी म्हटलेले मंत्र कोणते असावेत, हे दुसऱ्याने का ठरवावे?

महाराजांनी उत्तर दोन्ही बाजूंनी शोधले. गादीच्या बाजूने : ११ जानेवारी १९११ला कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, १९१३मध्ये विठ्ठलराव डोण्यांच्या हाताखाली ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी शाळा निघाली, भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ लिहिले, आर्य समाजाला राज्यात वाव मिळाला, आणि १९२०मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. बेनाडी हे निपाणीकडचे गाव, कागलहून फार लांब नाही. ही गोष्ट सर्व सत्यशोधकांना रुचली नाही. एक गादी मोडून दुसरी का मांडायची, असे त्यांच्यातले काही उघड म्हणाले.

सोंगाच्या बाजूने उत्तर दिले ते जलशांनी. फुल्यांनी १८७३मध्ये समाज काढला तेव्हा भर होता तो व्याख्याने, निबंध, अखंड यांवर. पण शेतकरी व्याख्यानाला येत नव्हता, तमाशाला येत होता. तेव्हा भीमराव महामुनी, काले गावचे रामचंद्र घाडगे यांच्यासारख्यांनी तमाशाचाच साज उचलला. ढोलकी, डफ, तुणतुणे, मंजिऱ्या तशाच ठेवल्या. गणात गणपतीच्या जागी निर्मिकाला वंदन आले. गवळण बहुधा गाळली, म्हणजे नाच्या पोऱ्याचे काम संपले. बतावणी आणि वग मात्र वाढले. वगात यायचे जोशीबुवा, कुलकर्णी, सावकार आणि त्यांच्यामध्ये सापडलेला कुणबी. पोर जन्मले की जोशी, मेले की जोशी, पेरणीला मुहूर्त, विहिरीला मुहूर्त. प्रत्येक वेळी कनवटीचा पैसा सुटतो. कुणबी भाबडेपणाने एकेक शंका विचारत जातो आणि जोशीबुवांची उत्तरे अडखळू लागतात. हसण्याच्या लाटेबरोबर प्रेक्षकांच्या मनात प्रश्न उतरतो : देव आणि मी यांच्यामध्ये हा कशाला? पहाटे शाहीर सवाल जाहीर करून टाकतो आणि फड उठतो.

सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात १९२०च्या आसपास या जलशांनी जी खळबळ उडवली, ती कोणत्या पुस्तकाने उडवली नाही. जलशांविरुद्ध तक्रारी झाल्या, मारामाऱ्या झाल्या. पण जलसा थांबवणे अवघड होते. तो तमाशासारखा दिसत होता, आणि तमाशाला कोणी धर्मसभेचे नियम लावत नाही. आंबेडकरी जलसे पुढे याच वाटेने गेले.

त्यांच्याआधीची एक सभाही कागलच्या हद्दीतली. २१ आणि २२ मार्च १९२०ला कागल जहागिरीतल्या माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर, आणि शाहू महाराजांनी लोकांना सांगितले की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. माणगावच्या व्यासपीठावर ज्याला जागा मिळाली, त्याला गावातल्या देवळाच्या ओट्यावर तेव्हा बसता आले नसते. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, पण बोलण्याच्या जागा हलू लागल्या होत्या.

एक जागा मात्र कोणाच्या सुधारणेवाचून आधीपासूनच मोकळी होती. ती धनगराची. कागलजवळच्या पट्टणकोडोलीला आश्विनात विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. ढोल, कैताळ, छत्र्या, आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले आभाळ. खोबरे आणि लोकर उधळली जाते. अंजनगावहून चालत आलेले फरांडेबाबा हेडाम खेळत, पोटावर तलवारीचे वार घेत गर्दीतून जातात आणि मग भाकणूक सांगतात : पाऊस कसा पडेल, पीक काय येईल, राजकारणाचे काय होईल. फाल्गुनात आदमापूरला बाळूमामांच्या भंडाऱ्यालाही पहाटे भाकणूक होते. १८९२ साली अक्कोळला जन्मलेले बाळूमामा मेंढरांमागे फिरले आणि १९६६मध्ये आदमापुरात विसावले. त्यांच्या बग्ग्यांच्या मेंढ्या अजून या शिवारातून फिरतात, आणि त्या उसात शिरल्या तरी शेतकरी काठी उगारत नाही.

धनगरी ओव्यांची बैठक ज्याने ऐकली आहे त्याला सुरुवात ठाऊक असते. एकजण ‘सुंबरान’ मांडतो, म्हणजे देवांचे, गावांचे, गुरूंचे स्मरण करतो. मग गाणे आणि गद्य आळीपाळीने चालते, साथीदार शेवटचा शब्द उचलतात, आणि बिरोबाचा जन्म सांगता सांगता रात्र सरते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने या गाण्यांसाठी आयुष्याची कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या माळरानांवर काढली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९७६मध्ये निघाला. ज्या गाण्याला पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी अध्यात्म म्हणून मोजले नव्हते, त्यात त्याला एक पूर्ण धर्मविचार दिसला.

बोलण्याची आणखी एक तऱ्हा कागलच्या वाटेवर आहे. कोल्हापूरहून येताना गोकुळ शिरगावपासून आत वळले की कणेरीचा सिद्धगिरी मठ लागतो. काडसिद्धेश्वरांची ही जुनी गादी. तिची मुळे लिंगायत परंपरेत, आणि भक्त मराठी व कन्नड दोन्ही बोलणारे. या गादीवरच्या मुप्पीन काडसिद्धेश्वरांनी १९३५मध्ये सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह घेतला. सिद्धरामेश्वर हे सोलापूरकडचे. इंचगेरी संप्रदायाच्या भाऊसाहेब महाराज उमदीकरांचे ते शिष्य, आणि मठाची गादी अशी त्यांच्याकडे नव्हतीच. गादीवरच्या स्वामीने बिनगादीच्या गुरूपुढे बसावे, ही या संप्रदायातली लक्षात राहणारी घटना.

इंचगेरीच्या मंडळींचा कार्यक्रम साधा असतो. काकड, भजन, दासबोधाचे वाचन, आणि मग निरूपण. यात आख्यान नाही, साजबाज बेताचा. समर्थांची एक ओवी घ्यायची आणि ‘मी कोण’ या प्रश्नापर्यंत आणून सोडायची. ऐकणाऱ्याने शंका विचारावी अशी मुभा असते. सिद्धरामेश्वर १९३६ साली गेले, पण त्यांची निरूपणे लिहून घेणारा एक शिष्य मागे राहिला : मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज. घराच्या माळ्यावर ते रोज मराठीत बोलत. त्यांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक १९७३मध्ये चेतना प्रकाशनाने काढले आणि ते जगभर गेले. ते करणारे मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सात जन्मलेले इंजिनियर, एकेकाळी थिऑसॉफीत रमलेले, मग गांधी, रमण महर्षी, कृष्णमूर्ती यांच्या सहवासात आलेले. औंध संस्थानात राजाने प्रजेला स्वराज्य दिले त्या १९३९च्या घटनेमागेही त्यांचा हात होता. ब्लाव्हाट्स्कीबाई गिरगावात ज्या गूढ सत्याच्या शोधात आल्या, ते शोधणारा त्यांच्या पंथातला माणूस नव्वद वर्षांनी जवळच्याच गल्लीत एका विडीवाल्यासमोर बसून टिपणे घेत होता.

स्टायनरची शिकवणही महाराष्ट्रात उशिरा आणि वेगळ्याच दाराने आली. व्याख्यानांतून नव्हे, शाळेतून आणि शेतातून. त्याच्या शिक्षणपद्धतीवर चालणारी ‘त्रिधा’ शाळा मुंबईत २००० साली सुरू झाली. जून १९२४मध्ये कोबेरविट्झला त्याने शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्याने दिली, त्यांतून जैवगतिक शेती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर जमिनीत पुरायचे आणि मग ते चिमूटभर घेऊन पाण्यात ढवळून शिंपडायचे, हा तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग. ग्रहताऱ्यांचे पंचांग पाहून पेरायचे, हेही त्यात आहे. जलशातल्या कुणब्याला मुहूर्तावर पेरणी करण्याची थट्टा ऐकून शंभर वर्षे झाली आणि ती कल्पना जर्मनीहून परत आली, याला काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे. कणेरी मठानेही काळाप्रमाणे बोलण्याची रीत बदलली. तिथल्या ग्रामजीवन संग्रहालयात ऋषींपासून बारा बलुतेदारांपर्यंत माणसे सिमेंटच्या पुतळ्यांतून उभी आहेत. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे पंचमहाभूत लोकोत्सव झाला, तेव्हा निरूपणाच्या जागी प्रदर्शन आणि परिसंवाद होते.

गादी आणि सोंग यांच्यातला जुना हिशेब चुकता झाला, असे मात्र नाही. कागलचेच उदाहरण आहे. आनंद यादव ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कागलात जन्मले, मोटेवर राबणाऱ्या कुळाच्या घरात. शिकण्यासाठी बापाशी केलेली झुंज त्यांनी ‘झोंबी’त लिहिली आणि १९९०मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८०ची त्यांची ‘नटरंग’ कादंबरी एका पैलवानी अंगाच्या शेतमजुराची. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो आणि पुरुषपणाच्या कल्पनेवरून समाजाकडून चिरडला जातो. सोंग घेणाऱ्याला सगळे माफ असते, पण माणूस म्हणून त्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे यादवांनी आतून जाणले होते.

पुढे ते संतांकडे वळले. २००८मध्ये त्यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी आली. तुकोबा माणूस म्हणून कसे घडले असतील याची ती कल्पना होती. तरुण वयातल्या तुकोबांविषयीचा काही मजकूर वारकऱ्यांना अवमानकारक वाटला. त्याच सुमारास यादव महाबळेश्वरला होणाऱ्या ८२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडून आले होते. वाद चिघळला. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी विरोध शमला नाही आणि त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. मार्च २००९मध्ये संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. तुकोबांविषयी बोलायचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होता. एका बाजूला संतांना रोज गाणारे लाखो वारकरी, दुसऱ्या बाजूला लहानपणी तेच अभंग कानांवर घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा. दोघांनाही तुकोबा आपले वाटत होते, म्हणून त्यात तडजोड निघणे अवघड होते.

संमेलनाला वर्ष व्हायच्या आत, १ जानेवारी २०१० रोजी, रवी जाधव यांचा ‘नटरंग’ चित्रपट पडद्यावर आला. नायकाचे नाव गुणा कागलकर. ज्या लेखकाला संतांवर लिहिल्यावरून व्यासपीठ सोडावे लागले होते, त्याच्याच नाच्याची गोष्ट पाहायला राज्यभर थिएटरांत रांगा लागल्या. यादव २७ नोव्हेंबर २०१६ रोजी पुण्यात वारले.